पाणी शिरलेली टाकी रिकामी करताना

मे 2025 च्या अखेरीस बारामती-इंदापूर भागात अतिवृष्टी झाली, नीरा डावा कालवा फुटला आणि वस्त्यांत पाणी शिरले. अशा वेळी दुचाकीच्या टाकीत पाणी गेल्याची शंका आली, तर गाडी सुरू करून पाहू नका. आधी टाकी रिकामी करा.

पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी साचते. शिवाय आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषते आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की दोन्ही मिळून खाली बसतात. मग वर उरलेले पेट्रोलही वापरण्याजोगे राहत नाही.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत कॉकची नळी काढून टाकी रिकामी होते. एप्रिल 2020 नंतरच्या बहुतेक गाड्यांत मात्र पंप टाकीतच असतो आणि नळीत दाब असतो. तिथे मेकॅनिकच हवा.

काम उघड्यावर, इंजिन थंड झाल्यावर आणि बॅटरीची तार काढूनच करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरून दूरच्या चुलीपर्यंत किंवा विडीपर्यंत पोहोचते आणि पेट घेते. जवळ कोरडी वाळू ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकू नका, त्याने आग पसरते.

नळी तोंडाने कधीही ओढू नका. थोडे पेट्रोलही फुफ्फुसात गेले तर जिवावर बेतते. कुणाच्या पोटात गेलेच, तर उलटी न करवता थेट दवाखाना गाठा.

काढलेले पेट्रोल जमिनीवर ठेवलेल्या, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात भरा. ते ओढ्यात, विहिरीजवळ किंवा गटारात ओतू नका, गॅरेजवाल्याकडे द्या.