पाच मिनिटांचं इंजेक्शन काही जणांवर तासन्‌तास का टिकतं? उत्तर आहे जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नांत!

ऑपरेशनच्या वेळी भूलतज्ज्ञ भुलीसोबत अनेकदा आणखी एक औषध देतात, स्नायू सैल करणारं. श्वासनळीत नळी घालायची तर स्नायू ढिले पडावे लागतात ना! सक्सिनिलकोलिन हे त्यातलं जुनं आणि झटपट औषध. ऑपरेशन थिएटरमध्ये त्याला नुसतं ‘स्कोलिन’ म्हणतात. मिनिटभरात असर आणि पाच-दहा मिनिटांत पेशंट पूर्ववत.

काही जणांच्या बाबतीत मात्र हा असर तासन्‌तास राहतो. ऑपरेशन संपलं तरी छातीचे स्नायू हलत नाहीत आणि श्वास स्वतःहून सुरू होत नाही. अशा वेळी व्हेंटिलेटर लावून, पेशंटला झोपवून ठेवून औषध उतरायची वाट पाहायची, हाच उपाय. व्हेंटिलेटर हाताशी असेल तर जीव वाचतो.

हे औषध तोडतं ते रक्तातलं ब्युटिरिलकोलिनेस्टरेज हे एन्झाइम. त्याच्या जीनमधला दोष आई आणि वडील दोघांकडूनही आला, तर एन्झाइम जवळपास कामच करत नाही. गंमत म्हणजे एरवी याचा काहीच त्रास नसतो. माणूस सत्तरीपर्यंत ठणठणीत जगू शकतो, त्याला पत्ताही लागत नाही.

2006 मध्ये कोइमतूरच्या भारतियार विद्यापीठातल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत वैश्य समाजातल्या लोकांमध्ये या जीनमधला एक ठराविक बदल शोधून काढला. इतरांच्या तुलनेत या समाजात ही कमतरता साधारण 100 पट जास्त आढळते. हा समाज मुख्यतः आंध्र-तेलंगणातला, पण आपल्या नांदेडकडेही आर्य वैश्य कुटुंबं आहेत.

असं का? मोजक्या पूर्वजांपासून समाज वाढला आणि लग्नं आतल्या आतच होत राहिली. एका पूर्वजातला दोष हजारो घरांत पोचला. इथे गोत्र वेगळं असून भागत नाही, कारण मूळ माणसंच मोजकी होती.

आणि हे एकट्या वैश्यांचं नाही, बरं का. हैदराबादच्या सीसीएमबीचे के. थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइक यांच्या टीमने 2017 मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये दक्षिण आशियातल्या 260 हून अधिक गटांचा अभ्यास मांडला. त्यातल्या 81 गटांत हा परिणाम फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही तीव्र निघाला. यातल्या 14 गटांची लोकसंख्या दहा लाखांहून जास्त आहे. म्हणजे प्रत्येक गटात कुठला ना कुठला दुर्मीळ आजार दडलेला असू शकतो. वैश्यांचा सापडला, बाकीच्यांचे शोधायचेत.

तुमच्या घरात कुणाला ऑपरेशननंतर श्वास सुरू व्हायला खूप वेळ लागला होता का? लागला असेल तर स्वतःच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना ते आवर्जून सांगा. रक्ताच्या साध्या तपासणीत या एन्झाइमचं प्रमाण कळतं आणि स्कोलिनऐवजी रोक्युरोनियमसारखं दुसरं औषध वापरता येतं.