खानोलकरांचा निबंध आणि आपली मशेरी

वेंगुर्ले तालुक्यातल्या खानोलीचं नाव आडनावात असलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर १९४१ साली परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात प्रयोगशाळांचे संचालक झाले. लंडनला शिकलेले विकृतिशास्त्रज्ञ. पण गाठीची काचपट्टी वाचून ते थांबत नसत. ती ज्याच्या शरीरातून आली तो माणूस काय नेसतो, तंबाखू तोंडात नेमकी कुठे धरतो, हेही त्यांना हवं असे.

१९४४ साली त्यांनी मुंबईतल्या मुखकर्करोगाच्या ओळीने आलेल्या १००० रुग्णांचा आढावा ‘कॅन्सर रिसर्च’मध्ये छापला. पुढच्याच वर्षी बी. सूर्याबाई यांच्यासह ‘आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी’त दुसरा निबंध आला. त्यात भारतातले कर्करोगाचे तीन नवे प्रकार होते आणि तिन्ही रोजच्या सवयींशी बांधलेले. कमरेला घट्ट कसलेलं धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी घासतं. तिथली कातडी आधी काळवंडते, मग जाड होते, चिरते आणि काहींच्या बाबतीत तिथेच कॅन्सर उभा राहतो. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा, म्हणजे गावठी सिगार, पेटतं टोक तोंडात ठेवून ओढतात. तिथे रोग टाळूला. चुना मळलेली खैनी खालच्या ओठामागे धरतात. तिथे रोग त्याच खाचेत. तंबाखू जिथे टेकते तिथेच गाठ उगवते, याहून बोलका पुरावा कोणता?

आज अशा कामाचं मोल आकड्यांत करतात. युजीन गारफिल्ड यांनी १९६४मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ काढला, २००५मध्ये होर्हे हिर्श यांनी एच-इंडेक्स सुचवला. कोणाचे किती निबंध आणि इतरांनी त्यांचा उल्लेख किती वेळा केला, यावर नेमणुका आणि अनुदानं ठरू लागली. हे मोजमाप अगदीच निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. नुसत्या वशिल्यापेक्षा ते बरं. पण ते मोजतं काय, हे नीट पाहायला हवं. जगात सर्वाधिक उल्लेख झालेला निबंध १९५१ सालचा, प्रथिनं मोजायची पद्धत सांगणारा. प्रयोगशाळेत तो रोज लागतो, म्हणून रोज उल्लेखला जातो. धोतराच्या कॅन्सरचे रुग्ण मुळातच थोडे, त्यावर लिहिणारे त्याहून थोडे. तरीही २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी परकराची नाडी किंवा लुगडं घट्ट कसल्याने कमरेवर झालेल्या कॅन्सरच्या दोन रुग्ण स्त्रियांची नोंद छापली, तेव्हा या विषयाचा माग पुन्हा १९४५च्या त्या पानांपर्यंतच गेला.

खानोलकरांच्या हाताखाली १९४९मध्ये डॉक्टरेट मिळवलेल्या कमल रणदिवे पुढे अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी वाढवायला शिकल्या. परत येऊन त्यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. त्यांच्या नावावर २००हून अधिक निबंध आहेत. १९८२मध्ये पद्मभूषण मिळालं. याच बाईंनी अकोले तालुक्यातल्या राजूर परिसरात आदिवासी मुलांच्या पोषणाचं काम केलं. ते कुठल्या निर्देशांकात बसवणार?

आता आपल्या किनाऱ्याकडे येते. मालवण-वेंगुर्ल्याकडे आजही किती घरांत तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजली जाते, चुरली जाते, डबीत भरली जाते. सकाळी उठल्यावर बोटाने हिरड्यांना मशेरी लावल्याशिवाय बाईला चैन पडत नाही. तिला कोणी व्यसनी म्हणत नाही, तीही म्हणत नाही. ती फक्त दात घासते. तंबाखू तोंडात कुठे धरता, हा खानोलकरांनी ऐंशी वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न इथल्या ओटीवर कोणी विचारत नाही. विद्वानांनी एकमेकांचे निबंध कितीही वेळा उल्लेखले, तरी ती डबी बंद होत नाही.

ती बंद होऊ शकते, हेही संशोधनानेच दाखवलंय. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी तीन राज्यांतल्या सुमारे ३६,००० तंबाखूसेवी ग्रामस्थांना घरोघर समजावलं. १९८६मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: सवय सोडणारे वाढले आणि तोंडातले कर्करोगपूर्व पांढरे चट्टेही कमी झाले. औषध नव्हतं, यंत्र नव्हतं. मुख्यतः माणसाने माणसाशी बोलणं होतं.

म्हणून दिवाळीला गावी आलेल्या चाकरमान्यांना एवढंच सांगणं आहे. आईला, आजीला, काकीला मशेरीबद्दल प्रेमाने विचारा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, पंधरा दिवसांत न भरणारी जखम असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, तर मुंबईला परतण्याआधी त्यांना दंतवैद्याकडे किंवा आरोग्य केंद्रात घेऊन जा.