छोट्या टँकची रास कोणती?

खाऱ्या पाण्याचा छोटासा रीफ टँक सजलाय, प्रवाळ छान फुललेत, आता हवाय एक रंगीबेरंगी हिरो? मग ‘रास’ माशांना भेटाच! पाचशेच्या वर जाती आणि एकाहून एक भन्नाट कलर कॉम्बिनेशन्स.

माहीत आहे का? याच खानदानातला नेपोलियन रास दोन मीटरहून लांब वाढतो आणि वजनात १९० किलोपर्यंत जातो. आणि याच खानदानातला पॉसम रास? पूर्ण वाढला तरी सहा ते आठ सेंटिमीटर! ७५ लिटरच्या टँकसाठी तिकीट कुणाचं काढायचं, ते कळलंच असेल.

पण थांबा, दुकानात गेलात की आधी नजर जाणार ती सिक्सलाइनवर. निळ्या-जांभळ्या अंगावर नारिंगी रंगाच्या सहा आडव्या रेघा, शेपटी हिरवी. काटक आहे, खायला नखरे नाहीत, शिवाय टँकमधले त्रासदायक चपटे किडे टिपतो. ऑलराउंडरच म्हणा ना! फक्त स्वभाव तिखट. एकदा घर आपलं वाटलं की नव्या पाहुण्याला कोपऱ्यात गाठून हैराण करतो. छोट्या टँकमध्ये तर पळायलाही जागा नसते. तरीही तोच हवा असेल, तर बाकी सगळे मासे आधी सोडा आणि याची एन्ट्री सगळ्यात शेवटी ठेवा.

आमचं मत मात्र पॉसमलाच! गडद तांबूस अंग, त्यावर बारीक पांढरे किंवा पिवळे पट्टे, आणि पंखांवर चक्क खोटे डोळे. शत्रूनं बघत बसावं, नक्की तोंड कुठल्या बाजूला! दगडांच्या फटींतून हळूहळू तरंगत दिवसभर कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपत राहतो. भांडण नाही, धावपळ नाही. टँक थोडा मुरलेला हवा, म्हणजे त्याला हे खाणं आयतं मिळतं. गुलाबी झाक आवडत असेल, तर त्याच मापाचा पिंक स्ट्रीक्ड राससुद्धा मस्त चॉइस.

आता ग्लॅमर! फ्लॅशर रासचा नर मादी दिसताच पंख ताडकन उभारतो आणि क्षणात झळाळून उठतो. लाइव्ह शो, तोही घरबसल्या! पण याला पोहायला मोकळी जागा लागते. शिवाय नर एकटाच ठेवला, तर त्याचे रंग हळूहळू फिके पडू शकतात. इम्प्रेस करायला कुणी नाही, तर मेकअप कशाला?

माहीत आहे का, क्लीनर रासच्या कळपातला नर गेला की सगळ्यात मोठी मादी दीड-दोन तासांत नरासारखी वागू लागते? दोन-अडीच आठवड्यांत ती खरोखरच नर झालेली असते!

हाच क्लीनर आरशात स्वतःला ओळखतो, असं जपानी संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं. अंगावर ठिपका लावला, तर आरशात बघून तो खरवडायला जातो! इतका हुशार मासा घरी आणावासा वाटणारच. प्लीज, नको. समुद्रात तो इतर माशांच्या अंगावरचे शेकडो परजीवी रोज खातो. तुमच्या चार माशांवर त्याचं पोट भरत नाही आणि बरेच क्लीनर उपासमारीनं जातात.

बेडरूमची सोय बघितलीत का? फेअरी आणि फ्लॅशर रास रात्री स्वतःभोवती चिकट द्रवाची पारदर्शक मच्छरदाणी विणून झोपतात. पिवळाधमक कॅनरी रास मात्र वाळूत शिरून गुडूप! तो हवा असेल तर पाच सेंटिमीटर तरी बारीक वाळू हवीच. नुसत्या काचेच्या तळावर बिचाऱ्यानं झोपायचं कुठे? तो बारा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, हेही ध्यानात ठेवा.

आता न्यूज फ्लॅश! झांझिबारजवळच्या खोल पाण्यातल्या एका जांभळ्या फेअरी रासला २०१९ मध्ये थेट ‘वकांडा’ हे नाव मिळालं. होय, ‘ब्लॅक पँथर’ सिनेमातल्या काल्पनिक देशाचंच! याचा जांभळा रंग इतका पक्का, की जतन केलेल्या नमुन्यातही टिकतो.

आणि आपल्या लक्षद्वीपच्या शेजारी, मालदीवमध्ये? तिथल्या गुलाबी फेअरी रासला २०२२ मध्ये देशाच्या राष्ट्रीय फुलाचं, गुलाबाचं, नाव दिलं गेलं. नाव देणाऱ्या टीममध्ये मालदीवचे अहमद नजीब होते. स्वतःच्या देशातल्या माशाचं शास्त्रीय वर्णन करणारे ते पहिले मालदीवी संशोधक! गंमत म्हणजे, बारसं होण्याआधीच हा मासा शोभेच्या माशांच्या बाजारात विकला जात होता.

घाईघाईत एक कायद्याची गोष्ट. मालवणला किंवा अंदमानला फिरायला गेलात, तर टँकसाठी प्रवाळाचा तुकडा उचलू नका. आपल्या वन्यजीव कायद्यात प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाच्या पंगतीत!

शॉपिंगला निघालात? दुकानदाराला सांगा, “जरा खायला घालून दाखवा.” समोर खाल्लं, तरच पैसे काढा. आणि मासा घरी आणण्याआधी टँकवर बारीक जाळीचं झाकण बसवा. दचकलेला रास एका उडीत थेट फरशीवर पडतो, आणि त्याला एवढीशी फटसुद्धा पुरते!