कालियाची पाळी येईपर्यंत

'शोले'मध्ये कालियाच्या वाट्याला मोजके प्रसंग आले. रामगढात धान्य वसूल करायला जाऊन तो हात हलवत परततो आणि मग अड्ड्यावर आपल्या डाकू सरदाराला, गब्बरला, त्याचा जाब देतो. एवढ्या भांडवलावर विजू खोटे देशभर ओळखीचे झाले. 15 ऑगस्ट 1975 ला चित्रपट लागला, पॉलिडोरने त्यातल्या संवादांची तबकडी काढली आणि लाऊडस्पीकरवर गाण्यांच्या जोडीला संवाद वाजू लागले. गब्बरचा आवाज घरोघरी पोचला, त्याच्यापाठोपाठ कालियाचाही. पण छोटी भूमिका कशी करतात हे शिकायचं असेल, तर तो प्रसंग आवाज बंद करून बघावा.

नवीन जालन्यात आमच्या हौशी नाटकाची तालीम रात्री दुकानं बंद झाल्यावर सुरू होते. कापडाच्या दुकानात काम करणारा एक पोरगा यंदा हवालदार झालाय. सगळं मिळून चार वाक्यं. "काका, एवढ्यासाठी रोज कशाला यायचं?" त्याने तोंड वाकडं करून विचारलं. मी मोबाइलवर अड्ड्याचा प्रसंग लावला, आवाज बंद केला आणि म्हटलं, "गब्बरकडे बघू नको. कालियाला धरून ठेव."

कालिया आणि त्याचे दोन साथीदार, असे तिघं उभे आहेत. माणसं किती होती, या प्रश्नाला कालिया 'दोन' असं उत्तर देतो आणि तिथेच फसतो. दोघांसमोरून तिघं पळून आले, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतलं जातं. गब्बर सहापैकी तीन गोळ्या हवेत उडवतो, चक्री फिरवतो आणि एकेकाच्या डोक्याला नळी लावतो. कालियाचा नंबर तिसरा. पहिला वाचतो, दुसराही वाचतो. बघणाऱ्याला हायसं वाटतं, पण कालियाचा हिशेब उलटा आहे. दोन खण रिकामे निघाले, म्हणजे आता उरलेल्या चार खणांत तीन गोळ्या. दुसऱ्याच्या सुटकेने याचं मरण जवळ येतं. पाळी येईपर्यंत त्याला बोलायला काही नाही. वाट बघणं एवढंच काम. मग मिठाला जागल्याची आठवण देणारं ते एक वाक्य येतं. विजू खोटे ते अजिजीने म्हणतात, आणि त्यालाही गब्बरचं उत्तर तयार असतं.

चाप ओढला जातो, गोळी सुटत नाही. गब्बर हसतो, टोळी हसते, शेवटी हे तिघंही हसतात. मी पोराला हे हसू पुन्हा पुन्हा दाखवलं. जीव वाचला म्हणून आलेलं, पण सरदाराच्या तोंडाकडे लक्ष ठेवून असलेलं हसू आहे ते. त्याच हसण्यात तिघं मारले जातात.

"म्हणजे भ्यायचं याने, आणि नाव गब्बरचं," पोरगा म्हणाला.

त्याला नेमकं कळलं होतं. गब्बर झालेल्या अमजद खान यांची ती पहिली मोठी भूमिका. पडद्यावर त्यांचा दरारा आधीपासून नव्हता. तो त्या खडकांमध्येच उभा करायचा होता. गब्बर किती क्रूर, हे प्रेक्षकाने समोरच्या तिघांच्या चेहऱ्यांवरून ताडलं.

विजू खोटे यांचा जन्म 1941 चा, मुंबईचा. वडील नंदू खोटे रंगभूमीवरचे आणि मूकपटांतले नट, दुर्गाबाई खोटे काकू, शुभा खोटे बहीण. अशा घरातला हा माणूस नायक होण्याच्या फंदात पडला नाही. 'शोले'तला अहमद झालेल्या सचिनने 1988 मध्ये 'अशी ही बनवाबनवी' दिग्दर्शित केला, त्यात खोटे होते. दूरदर्शनच्या 'जबान संभालके'त हिंदीच्या वर्गात बसलेला मराठी माणूस त्यांनी केला. 1994 च्या 'अंदाज अपना अपना'त ते रॉबर्ट झाले, तेजाचा हस्तक. कालियाची जागाच ही: समोर मालक, हातून झालेली चूक आणि द्यायचं स्पष्टीकरण. एका ठिकाणी आपला श्वास अडकतो, दुसऱ्या ठिकाणी हसून पुरेवाट होते. 30 सप्टेंबर 2019 ला ते गेले, तेव्हा बातम्यांनी त्यांना पुन्हा कालियाच म्हटलं.

आमच्या तालमीच्या खोलीला रस्ता लागून आहे. सळया भरलेला ट्रक खडखडत गेला की वाक्यं ऐकूच येत नाहीत. पूर्वी आम्ही थांबायचो. आता हवालदाराला सांगून ठेवलंय, ट्रक आला तरी साहेबांसमोर उभा राहायचं सोडू नको. पोरगा पायाची चुळबूळ थांबवून, साहेबांच्या हाताकडे डोळा ठेवून उभा राहायला लागला. साहेब करणारे आमचे गुरुजी नाटकभर घसा ताणायचे. परवा तेच म्हणाले, "हा असा उभा राहिला की मला ओरडावं लागत नाही."