दिव्यांग अर्थसाहाय्याच्या नोंदींची गोपनीयता (जालना जिल्हा)

शासनाचे अर्थसाहाय्य घेणारी दिव्यांग व्यक्ती पुन्हा कामास लागते, तेव्हा निरनिराळ्या कार्यालयांत असलेल्या तिच्या नोंदी कोणी पाहाव्यात, कोणास द्याव्यात आणि कोणत्या कारणासाठी वापराव्यात, हा दिव्यांग अर्थसाहाय्याच्या नोंदींच्या गोपनीयतेचा विषय होय. प्रस्तुत लेखात जालना जिल्ह्यातील व्यवस्थेच्या आधारे त्याची मांडणी केली आहे. एकीकडे सार्वजनिक पैसा कोणास मिळतो हे जाणून घेण्याचा समाजाचा हक्क आहे, तर दुसरीकडे आपले व्यंग, आजार व मिळकत चारचौघांत उघडी न होण्याचा व्यक्तीचा हक्क आहे. या दोहोंतील सीमारेषा भारतीय कायद्याने अद्याप नीट आखलेली नाही.

पार्श्वभूमी

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन जालना जिल्हा अस्तित्वात आला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठा, अंबड आणि घनसावंगी हे त्याचे आठ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १९,५९,०४६ होती. जालना शहर पोलाद कारखाने व बियाणे उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. उर्वरित जिल्हा मुख्यतः कोरडवाहू शेती, कापूस आणि हंगामी मजुरीवर जगतो. येथे 'कामावर परतणे' याचा अर्थ दरमहा पगाराची नोकरी असाच होतो असे नाही. वर्षातून तीन महिने जिनिंगमध्ये काम, काही दिवस रोजगार हमी आणि उरलेले दिवस घरी, असेही त्याचे रूप असते. पुढील अनेक अडचणींचे मूळ या अनियमित मिळकतीत आहे.

नोंदी कोठे असतात

दिव्यांगांना मिळणाऱ्या अर्थसाहाय्यापैकी सर्वांत परिचित म्हणजे १९८० पासून राज्यात चालू असलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना होय. ग्रामीण भागात तिच्या रकमेस सर्रास 'निराधारचा पगार' असे म्हणतात. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या आणि ६५ वर्षांखालील व्यक्तीस ती लागू होते. अनुदान २०१९ मध्ये दरमहा ६०० रुपयांवरून १,००० रुपये व २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते २,५०० रुपये करण्यात आले. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना २००९ पासून आहे. ८० टक्के व त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस तीतून ३०० रुपये मिळतात व उर्वरित भार राज्य उचलते.

या अनुदानासाठी एकाच माणसाची माहिती बऱ्याच ठिकाणी साठते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र शासकीय रुग्णालयातील वैद्यकीय तपासणीनंतर मिळते आणि त्याची नोंद वैश्विक ओळखपत्राच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर होते. अर्ज, उत्पन्नाचा दाखला व रहिवासाचा पुरावा तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत राहतो. अर्जाची छाननी तालुकास्तरीय समिती करते. तहसीलदार तिचे सचिव असले, तरी तीत अशासकीय सदस्यही असतात. चौकशीच्या निमित्ताने तलाठ्याकडे आणि पाच टक्के दिव्यांग निधीच्या निमित्ताने ग्रामपंचायतीकडे नाव नोंदलेले असते. बँकेत आधार जोडलेले खाते असते, तर दरवर्षी हयातीचा व उत्पन्नाचा दाखला नव्याने द्यावा लागतो. सेतू केंद्रातील संगणकचालक आणि झेरॉक्सचे दुकान यांची गणना शासकीय व्यवस्थेत होत नाही. मात्र कागद त्यांच्याही हातांखालून जातात.

याच योजनेत क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशा आजारांमुळे उदरनिर्वाह करू न शकणाऱ्या व्यक्तींचाही समावेश आहे. त्यामुळे यादीत नावापुढे लाभाचा प्रवर्ग छापला, तर तो छापणे म्हणजेच रोगाचे निदान जाहीर करणे ठरते. मानसिक आजाराच्या बाबतीत मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या २३ व्या कलमाने गोपनीयतेचा हक्क स्पष्ट शब्दांत दिला आहे. अस्थिव्यंग वा अंधत्वाबाबत असे नेमके संरक्षण नाही. ते व्यंग डोळ्यांना दिसते, मग लपवायचे काय, असा युक्तिवाद केला जातो. परंतु दिसते ते व्यंग. त्याची टक्केवारी, त्यामागचे निदान, कुटुंबाचे उत्पन्न आणि बँकेचे खाते दिसत नसते.

कामावर परतणे आणि उत्पन्नाची मर्यादा

संजय गांधी योजनेत दिव्यांगांसाठी कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. इतर प्रवर्गांसाठी ती २१,००० रुपये आहे. पन्नास हजार म्हणजे संपूर्ण कुटुंबास महिन्याला सुमारे ४,१६६ रुपये. किमान वेतनावरील कोणतीही पूर्णवेळ नोकरी ही मर्यादा ओलांडते. दरमहा २,५०० रुपयांप्रमाणे अनुदान वर्षाला ३०,००० रुपये होते. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, म्हणजे शंभर दिवसांची मजुरी ३१,२०० रुपये. घरातील दुसऱ्या कोणाची थोडीफार मजुरी तीत मिळाली की कुटुंब मर्यादेच्या बाहेर जाते. कारखान्यातील नोकरी सहा महिन्यांत सुटली, तर अनुदान पुन्हा मिळवण्यासाठी अर्ज, दाखले व समिती हा क्रम आरंभापासून करावा लागतो. काम करून पाहण्यापूर्वीच माणूस कचरतो, त्याचे कारण आळसात शोधण्याऐवजी या हिशेबात शोधणे अधिक योग्य ठरेल.

नोंदींची गोपनीयता येथे प्रत्यक्ष पोटापाण्याशी येऊन भिडते. रोजगार हमीची हजेरीपत्रके व जॉबकार्डे संकेतस्थळावर कोणासही पाहता येत असत. पारदर्शकतेसाठी ही तरतूद मुद्दाम करण्यात आली होती आणि खोट्या हजेऱ्या उघड करण्यास तिचा उपयोगही झाला. मात्र अनुदानाची यादी व हजेरीपत्रक शेजारी ठेवले, की कोणता लाभार्थी किती दिवस कामावर होता हे गावातील कोणीही काढू शकतो. त्या माहितीवरून तक्रार करणाऱ्यास उत्पन्नाची मर्यादा ठाऊक असतेच असे नाही. 'काम करतो म्हणजे अपंग नाही' हा समज तक्रारीस पुरेसा होतो. वस्तुतः दिव्यांगत्व आणि काम करण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चाळीस टक्क्यांची अट पहिल्या गोष्टीची आहे.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. खोट्या प्रमाणपत्रांवर लाभ घेण्याचे प्रकार घडतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या ९१ व्या कलमानुसार त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पडताळणी आवश्यकच आहे. वाद आहे तो ती अधिकाऱ्याने कार्यालयात करावी की शेजाऱ्याने पारावर करावी, याविषयी.

जाहीर याद्या आणि माहितीचा अधिकार

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४(१)(ख) नुसार अनुदान कार्यक्रमांच्या लाभार्थ्यांचा तपशील प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपणहून प्रसिद्ध करावयाचा आहे. महाराष्ट्राने त्यापूर्वीच, २००२ मध्ये, स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. याद्या भिंतीवर लागल्यामुळे मृतांच्या नावे चालू असलेले अनुदान बंद पाडता येते, तसेच खऱ्या गरजूस आपले नाव का वगळले हे विचारता येते. दिव्यांगांच्या संघटनाही याद्यांचा उपयोग करीत आल्या आहेत.

त्याच अधिनियमाच्या कलम ८(१)(ञ) मध्ये वैयक्तिक माहितीस अपवाद दिलेला आहे. मूळ तरतुदीनुसार सार्वजनिक कामकाजाशी संबंध नसलेली किंवा खासगी जीवनात अनाठायी हस्तक्षेप करणारी माहिती नाकारता येत होती, परंतु व्यापक जनहित असल्यास ती देता येत होती. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ याच्या कलम ४४(३) ने ही तरतूद आखडून 'वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती' एवढ्या शब्दांवर आणली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अमलात आला. जनहितासाठी माहिती देण्याची मुभा आता कलम ८(२) वर अवलंबून आहे. याद्या आपणहून प्रसिद्ध करण्याचे कलम ४ मात्र जसेच्या तसे राहिले. परिणामी एक कलम यादी लावा म्हणते आणि दुसरे ती नाकारता येईल म्हणते. अशा स्थितीत अडचणीची माहिती दडवण्यासाठी गोपनीयतेचे कारण पुढे करणे आणि लाभार्थ्याचा खाते क्रमांक मात्र निष्काळजीपणे उघडा ठेवणे, या दोन्ही गोष्टी एकाच कार्यालयात घडू शकतात.

जनगणनेची तुलना येथे उद्बोधक ठरते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६३ लाख दिव्यांगांची नोंद झाली. जनगणना अधिनियम, १९४८ याच्या १५ व्या कलमानुसार त्यांपैकी कोणाचीही वैयक्तिक नोंद कोणास पाहता येत नाही, न्यायालयात पुरावा म्हणूनही ती मांडता येत नाही. तोच माणूस अनुदानासाठी तहसीलच्या पायऱ्या चढला की हे संरक्षण संपते.

२०१७ मधील आधार क्रमांकांचे प्रकरण

सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने मे २०१७ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम व ग्रामीण रोजगार हमी या दोन केंद्रीय आणि आंध्र प्रदेशातील दोन अशा चार शासकीय संकेतस्थळांवरून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक उघड्यावर होते, असे त्यात म्हटले होते. अनेक ठिकाणी बँक खात्यांचा तपशीलही दिसत होता. यांतील पहिला कार्यक्रम निवृत्तिवेतनधारकांचा असल्याने केंद्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनाची माहितीही त्याच संकेतस्थळावर होती. ही चोरी नव्हती. पारदर्शकतेच्या नावाखाली गरजेहून अधिक रकाने प्रसिद्ध झाले होते. नाव, गाव व रक्कम एवढ्याने यादीचा हेतू साधला असता.

न्यायालयीन निर्णय

न्यायमूर्ती पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तत्पूर्वी २०१२ मध्ये गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणात कर्मचाऱ्याच्या सेवाविषयक नोंदी व विवरणपत्रे ही वैयक्तिक माहिती असल्याचे त्याच न्यायालयाने म्हटले होते.

कामावर परतण्याच्या दृष्टीने आणखी दोन निर्णय महत्त्वाचे आहेत. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एचआयव्ही बाधित हंगामी कामगारास केवळ त्या कारणाने काम नाकारणे बेकायदेशीर ठरवले आणि त्याला खरे नाव न देता दाद मागू दिली. 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' या नावाने तो खटला ओळखला जातो. कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार (२००३) या खटल्यात सेवाकाळात पाय गमावलेल्या शिपायास अशक्तता निवृत्तिवेतन दिले म्हणून त्याचा सेवेत राहण्याचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. ही तरतूद आज २०१६ च्या कायद्यात कलम २०(४) मध्ये आहे. हा कायदा संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराच्या पूर्ततेसाठी करण्यात आला. भारताने करारास १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली होती. करारातील २२ वे कलम आरोग्य व पुनर्वसनविषयक माहितीच्या गोपनीयतेची हमी देते. तिच्याशी जुळणारे स्वतंत्र कलम भारतीय कायद्यात आलेले नाही.

मालकाकडील नोंदी

नोकरी लागल्यावर नोंदींचा दुसरा संच तयार होतो. दिव्यांग कर्मचाऱ्याचे नाव, पत्ता, दिव्यांगत्वाचे स्वरूप, कामाचे स्वरूप आणि दिलेल्या सोयी यांची नोंद ठेवणे २०१७ च्या नियमांनुसार शासकीय आस्थापनांना व वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांना बंधनकारक आहे. ती नोंद शासनाने प्राधिकृत केलेल्या व्यक्तीस तपासता येते. व्यवसाय कराची सूट घ्यायची तर वेतन लिपिकास प्रमाणपत्र द्यावेच लागते. सवलत हवी असेल तर व्यंग सांगणे भाग आहे आणि न सांगितल्यास कायद्याने देऊ केलेली सोय मिळत नाही.

पोलाद कारखान्यांतील अपघातग्रस्त कामगारांची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेल्या आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेखाली आलेल्या कामगार राज्य विमा योजनेत तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ कामावर परतताच थांबतो. कायम अपंगत्वाचा लाभ मिळकत क्षमतेतील घट वैद्यकीय मंडळाकडून ठरवून दिला जातो व कामावर परतल्यानंतरही चालू राहतो. त्यामुळे या कामगारास परतणे लपवण्याचे कारण उरत नाही. एकाच गावात बोटे गमावलेला विमाधारक कामगार पगार व लाभ दोन्ही उघडपणे घेतो, आणि तेवढेच व्यंग असलेला शेतमजूर रोजंदारीला जाताना नजर चुकवतो. हा भेद त्या दोघांच्या योजनांच्या रचनेतून आला आहे.

इतर देशांतील व्यवस्था

अमेरिकेत सामाजिक सुरक्षा अपंगत्व विम्याच्या लाभार्थ्यास साठ महिन्यांच्या कालावधीत नऊ महिने काम करून पाहता येते. त्या महिन्यांत मिळकत कितीही असली तरी लाभ पूर्ण मिळतो. संघराज्य शासनाकडील वैयक्तिक नोंदींना १९७४ चा स्वतंत्र गोपनीयता कायदा लागू आहे. नेदरलँड्समध्ये निरनिराळ्या खात्यांची माहिती जोडून लाभार्थ्यांतील संभाव्य फसवणूक हुडकणारी 'सिरी' ही प्रणाली हेगच्या न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०२० रोजी खासगी जीवनाच्या हक्काविरुद्ध ठरवली. ऑस्ट्रेलियात वार्षिक उत्पन्नाची पंधरवड्यांत सरासरी काढून लाभार्थ्यांवर खोटी थकबाकी लादण्यात आली. 'रोबोडेट' नावाने कुप्रसिद्ध झालेल्या या योजनेवर शाही आयोगाने जुलै २०२३ मध्ये अहवाल दिला. वर्षातील काही महिनेच कमावणाऱ्यांना त्या सरासरीचा फटका बसला. हंगामी मजुरीवर जगणाऱ्या जालन्यासारख्या जिल्ह्यात खात्यांची माहिती संगणकाने जोडताना हा धोका तसाच संभवतो.

दाद मागण्याची सोय

लाभार्थ्यास स्वतःच्या अर्जाची, तपासणीच्या टिपणीची व समितीच्या निर्णयाची प्रत माहिती अधिकारात तहसील कार्यालयाकडून मागता येते. आधार क्रमांक जाहीर रीतीने प्रसिद्ध करण्यास आधार अधिनियम, २०१६ याच्या कलम २९ अन्वये मनाई आहे. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या तक्रारी पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करता येतात. राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग डिसेंबर २०२२ मध्ये स्थापन झाला. विदा संरक्षण अधिनियमातील आपली माहिती पाहण्याचे, दुरुस्त करण्याचे व तक्रार करण्याचे हक्क नोव्हेंबर २०२५ पासून अठरा महिन्यांनी लागू व्हावयाचे आहेत. त्याच अधिनियमाच्या सातव्या कलमानुसार अनुदान वा लाभ देण्यासाठी शासनास व्यक्तीच्या संमतीवाचूनही माहिती वापरण्याची मुभा राहील.