झडप अरुंद, नाडी बेताल



नर्सिंगच्या डिप्लोमात आम्हाला एक काम शिकवलं होतं. एकीने स्टेथोस्कोपने छातीतले ठोके मोजायचे, दुसरीने त्याच मिनिटाला मनगटाची नाडी. निरोगी माणसात दोन्ही आकडे सारखे येतात. वॉर्डातल्या एका तिशीतल्या बाईचे छातीत १२८ आले, मनगटावर ९६. माझंच चुकलं असं वाटून पुन्हा मोजलं. तेच. बाकीचे ठोके इतके दुबळे होते की मनगटापर्यंत पोचतच नव्हते.

ती देवळी तालुक्यातली, कापूस वेचणारी. दोन वर्षं धाप लागायची. एका दवाखान्याने "रक्त कमी आहे" म्हणून टॉनिक देऊन परत पाठवलं होतं. दुखणं होतं हृदयाच्या झडपेचं.

डाव्या बाजूचा वरचा कप्पा फुप्फुसातून आलेलं रक्त मायट्रल झडपेतून खाली सोडतो. या झडपेचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं. ते आकसून दीडवर आलं की रक्त अडतं. पाटाचं तोंड गाळाने बुजल्यावर मागे पाणी तुंबतं, तसंच. तुंबलेल्या रक्ताने वरचा कप्पा ताणत जातो, भिंतीत व्रण पडतात आणि ठोक्याचे विजेचे संदेश वाट चुकतात. मग कप्पा नीट आकुंचन न पावता नुसता थरथरतो. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. थरथरत्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली तर लकवा, तोही भर उमेदीत. (म्हाताऱ्या माणसांत हेच बहुधा वाढलेल्या रक्तदाबामुळे होतं. म्हणून बीपीची गोळी मनाने बंद करू नये.)

झडप खराब होते कशाने? लहानपणीच्या घसादुखीने. स्ट्रेप्टोकोकस जंतूने घसा सुजतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो. आज गुडघा, परवा घोटा, असे सांधे सुजतात. याला ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. जंतूंशी लढणारी शरीराची शक्ती झडपेवरच उलटते. बहुतेक मुलं ५ ते १५ वर्षांची असतात. हा रोग घर बघून येतो. एका खोलीत सहा-सात जण झोपत असतील तिथे जंतू या घशातून त्या घशात सहज जातो. वस्तीतली मुलंच जास्त का, याचं उत्तर मला तरी रक्तात नाही, घरकुलात दिसतं.

घसा नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिनने बरा केला तर हा ताप टळतो. एकदा येऊन गेला असेल तर बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, वर्षानुवर्षं. झडप बिघडली असेल तर निदान दहा वर्षं, काहींना चाळिशीपर्यंत. नेमकं इथेच घोडं अडतं. एक आई मला म्हणाली, "सिस्टर, ताप त गेला, मंग काहून टोचता? माही मजुरी पडते ना जी." तिचं काय चुकलं? इंजेक्शन स्वस्त असलं तरी दर खेपेला तिचा एक दिवस जातो. म्हणून आम्ही आशाताईकडे तारखांची वही ठेवायला लावली आणि बाजाराच्या दिवशीची तारीख मागून घेतली. रिॲक्शनच्या भीतीने कुणी टोचायला नकार दिला, तर औषधं व सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात घ्या, पण चुकवू नका.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं तेव्हा मुलाचे सांधे सुजले होते हे आवर्जून सांगा. इकोची तपासणी सेवाग्रामला व सावंगीला होते. फुग्याने झडप उघडण्यासाठी किंवा बदलण्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आधी करा, कर्ज नंतर.

रक्त पातळ करण्याची गोळी सुरू असेल तर आयएनआर तपासत राहा. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका, रक्तस्राव होतो. पालक-मेथी खा, पण रोज साधारण सारखीच. दिवस गेल्याची शंका आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, काही गोळ्या बाळाला बाधतात.

त्या बाईची झडप फुग्याने उघडली. धाप गेली, नाडी मात्र बेतालच राहिली. आता वेचणीला जाते तेव्हा तिच्या पिशवीत आयएनआरचं कार्ड असतं.

रविवारी वंदनेनंतर विहारात मी बसलेली असते. दोन बोटं अंगठ्याखाली मनगटावर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायचं. ठोके पुढेमागे, काही ताल नसलेले लागले तर त्याच आठवड्यात इसीजी काढा.