बावीस नंबरचं दार

भाड्यानं घेतलेला नवा लिनक्स सर्व्हर सुरू झाला, त्याला इंटरनेटवरचा पत्ता मिळाला, आणि मी चहा टाकायला उठलो. कप घेऊन परत बसलो, लॉगची फाईल उघडली, तर दारात ही गर्दी. कोणी ‘रूट’ या नावानं आत यायला बघतोय, कोणी ‘ॲडमिन’, कोणी ‘टेस्ट’, कोणी ‘ओरॅकल’. पत्ता मी अजून कोणालाच सांगितला नव्हता. सांगायची गरजही नसते. असे प्रोग्राम अहोरात्र हिंडत असतात. दिसेल त्या पत्त्याचं बावीस नंबरचं दार ठोठावायचं, चार नेहमीचे पासवर्ड लावून बघायचे आणि शेजारच्या घराकडे वळायचं, एवढंच त्यांचं काम. तुमच्याशी त्यांचं वैर नाही. कडी न लावलेलं घर शोधणारे भुरटे चोर ते.

हे दार १९९५ सालचं. त्याआधी दूरच्या संगणकात शिरायचं तर टेलनेट किंवा आरलॉगिन वापरत, आणि टेलनेटवरून पासवर्ड जायचा तो भरलेल्या एसटीत फोनवर मोठ्यानं ओटीपी सांगावा तसा. मधे कान देऊन बसणाऱ्याला तो ऐकूच जाणार. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असाच एक कान देणारा प्रोग्राम सापडला. तिथला संशोधक टाटू युलोनेन यानं त्यावर उपाय म्हणून ‘सिक्युअर शेल’, म्हणजे एसएसएच, लिहिलं. एफटीपीचं पोर्ट, म्हणजे दाराचा नंबर, २१, टेलनेटचं २३, मधलं २२ मोकळं. युलोनेननं पोर्टचे नंबर वाटणाऱ्या आयाना या संस्थेला जुलै १९९५ मध्ये ई-पत्र धाडलं आणि दुसऱ्याच दिवशी नंबर हातात पडला. आज एखादा दाखला काढायला किती दिवस लागतात ते आठवलं की मला या गोष्टीचा हेवा वाटतो.

पुढे मूळ प्रोग्रामचा परवाना आवळत गेला, तेव्हा ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनी जुनी मोकळी आवृत्ती उचलून ओपनएसएसएच तयार केलं. ते १ डिसेंबर १९९९ला ओपनबीएसडी २.६बरोबर बाहेर पडलं. आपल्या लिनक्समध्ये आणि मॅकमध्ये आहे ते हेच. विंडोज १०पासून विंडोजमध्येही तेच मिळतं.

पहिल्यांदा जोडणी करताना पडद्यावर एक प्रश्न येतो: या सर्व्हरची ओळख पटत नाही, त्याचा ठसा अमुक आहे, पुढे जायचं का? यामागचं कारण असं: पासवर्ड विचारण्याआधी दोन्ही संगणकांनी आपसात एक गुपित ठरवलेलं असतं. उघड्या तारेवरून असं गुपित ठरवण्याची युक्ती डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली मांडली. पण गुपित नेमकं कोणाशी ठरलं? ते या ठशावरूनच कळतं, आणि आपण सगळे तिथे न वाचता ‘यस’ टाइप करतो. मीही कित्येक वर्षं केलं. खरी रीत अशी: सर्व्हर भाड्यानं देणाऱ्याच्या कन्सोलवरून आत जायचं, एसएसएच-कीजेन या प्रोग्रामला सर्व्हरच्या किल्लीचा ठसा विचारायचा, आणि तो पडद्यावरच्या ठशाशी ताडायचा. नव्या आवृत्त्यांत ‘यस’ऐवजी तो ठसाच चिकटवता येतो, म्हणजे जुळणी संगणकच करतो. मधे कोणी तोतया बसला असेल आणि तुम्ही पासवर्डनं लॉगिन करत असाल, तर तो पासवर्ड तुम्ही त्याच्याच हातात ठेवलात.

म्हणून पासवर्ड बंद करायचा आणि किल्लीची जोडी वापरायची. यातल्या ‘सार्वजनिक किल्ली’ या नावानं फार घोटाळा केलाय. ती किल्ली नव्हेच, ते कुलूप. एडी२५५१९ जातीची असेल तर एका ओळीत मावते. ती मेलवर पाठवा, व्हॉट्सॲपवर टाका, काही बिघडत नाही. किल्ली म्हणजे खाजगी भाग, आणि तो आपल्या लॅपटॉपबाहेर कधीच जात नाही. सर्व्हर विचारतो, लॅपटॉप त्या किल्लीनं सही करतो, सर्व्हर आपल्याकडच्या कुलपाला ती सही लावून बघतो. सही त्या एका जोडणीपुरतीच असते, त्यामुळे तोतयाच्या हाती लागली तरी त्याला तिचा उपयोग नाही. मात्र ‘तुझी किल्ली पाठव’ म्हटल्यावर भाबडेपणानं खाजगी फाईल पाठवणारे मी पाहिलेत. त्यांचा दोष नाही, नावाचा आहे. खाजगी किल्लीला तिचा स्वतःचा पासफ्रेज जरूर द्यावा. लॅपटॉप चोरीला गेलाच तर थोडा वेळ तरी मिळतो.

आता कामाचा क्रम. हा क्रम मी पैसे मोजून शिकलोय. एका परगावच्या डेटा सेंटरमधल्या मशीनवर ‘अलाउयूझर्स’ या, कोणाला आत घ्यायचं ते सांगणाऱ्या ओळीत माझंच नाव लिहिताना एक अक्षर खाल्लं, सेवा रीस्टार्ट केली आणि टर्मिनल बंद करून जेवायला गेलो. परत आलो तर सर्व्हर मला ओळखेना. रात्री तिथल्या माणसाला उठवावं लागलं. त्यानं मशीनला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडला आणि मी फोनवरून एकेक अक्षर सांगितलं. खरं तर रीस्टार्ट केलं तरी चालू असलेली जोडणी तुटत नाही, कारण प्रत्येक जोडणीची प्रक्रिया वेगळी असते. म्हणजे ती खिडकी नुसती उघडी ठेवली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. तेव्हा आधी किल्ली बनवा, एसएसएच-कॉपी-आयडी या कमांडनं कुलूप सर्व्हरवर पोचवा, नव्या खिडकीतून किल्लीनं आत जाता येतंय ना ते बघा, मगच पासवर्ड बंद करा. पुन्हा तिसरी खिडकी उघडून खात्री करा. पहिली खिडकी तोवर बंद करायची नाही.

किल्ली असूनही दार उघडत नसेल तर बहुतेक वेळा फाईलींच्या परवानग्या नडतात. एसएसएचचं गुप्त फोल्डर ७००, त्यातली कुलपं ठेवणारी ‘ऑथराइज्ड कीज’ फाईल ६००, आणि तुमच्या होम फोल्डरात इतरांना लिहायची मुभा नको. यात ढिलाई दिसली की सर्व्हर किल्ली गुपचूप नाकारतो. तुम्हाला दिसतं फक्त ‘परवानगी नाही’; खरं कारण लिहिलेलं असतं सर्व्हरच्या लॉगमध्ये.

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती पुढच्या जागी. सर्व्हरवरच्या एसएसएच सेवेची, म्हणजे एसएसएचडीची, ‘एसएसएचडी कॉन्फिग’ फाईल उघडतात, तळाशी ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ लिहितात आणि निर्धास्त झोपतात. सर्व्हर मात्र पासवर्ड घेतच राहतो. या फाईलचा नियम उलटा आहे: आधी आलेलं खरं, नंतरचं वाया. आणि डेबियन, उबुंटूमध्ये फाईलच्या अगदी वरच एक ‘इन्क्लूड’ची ओळ असते, जी शेजारच्या फोल्डरातल्या छोट्या फाईली आधी वाचते. भाड्याच्या सर्व्हरवर त्यात पहिल्यांदा सुरू होताना मशीन मांडून देणाऱ्या क्लाउड-इनिटनं ठेवलेली एक फाईल असू शकते, आणि तिच्यात लिहिलेलं असतं ‘यस’. तुम्ही खाली कितीही ‘नो’ लिहा, सुनावणी होऊन गेलेली असते. भरीला कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह नावाची दुसरी वाट उघडी राहिली तर पाम ही ओळख तपासणारी यंत्रणा तिथूनही पासवर्ड विचारते. तीही बंद करायला हवी.

म्हणून फाईल वाचून विश्वास ठेवू नये, सर्व्हरलाच विचारावं. एसएसएचडीला छोटा टी दिला की तो फक्त व्याकरण तपासतो. मोठा टी दिला की तो प्रत्यक्षात काय मानणार आहे, याची पूर्ण यादी छापतो. हा मोठा टी मला कामाला लागल्यावर सहा वर्षांनी कळला.

बाकीच्या सेटिंग्ज पटकन सांगतो. रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याला, थेट प्रवेश नको. २०१५ पासून मूळ सेटिंग रूटला पासवर्डनं येऊ देत नाही, पण किल्लीनं येऊ देतं. तेही बंद करून स्वतःच्या नावानं शिरावं आणि रूटच्या कामांपुरतं सुडो वापरावं, म्हणजे कोण आलं होतं ते लॉगमध्ये राहतं. ‘अलाउयूझर्स’मध्ये मोजकी नावं ठेवावीत, स्पेलिंग बघून. वारंवार चुकणाऱ्या पत्त्यांना अडवायला फेलटूबॅन आहेच. जुलै २०२४च्या ९.८ आवृत्तीपासून असा दंड ओपनएसएसएच स्वतःच करू शकतं.

पोर्ट बदलावं का, हा वाद चहाच्या टपरीवर तासभर चालतो. माझं मत: २२चं २२२२ केल्यानं लॉग शांत होतो, सुरक्षा वाढत नाही. पोर्ट एकूण ६५,५३५, ती सगळी तपासायला यंत्राला कंटाळा येत नाही. शिवाय रेड हॅटच्या घराण्यात एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेला नवं पोर्ट आधी कळवावं लागतं, आणि उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांत पोर्ट सिस्टिमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या सॉकेटनं धरलेलं असतं. नुसती एसएसएच सेवा रीस्टार्ट करून तिथे काही हलत नाही.

कुलूप बाहेरून ठणठणीत दिसतं आणि आतून पोकळ असतं, असंही घडलंय. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमधून, म्हणजे ओपनएसएसएच किल्ल्या बनवायला वापरत असलेल्या लायब्ररीतून, दोन ओळी काढल्या गेल्या, कारण मेमरी तपासणारं साधन त्यांच्याबद्दल कुरकुर करत होतं. त्या ओळींबरोबर यादृच्छिकपणाच गेला. उरला फक्त प्रक्रियेचा क्रमांक, म्हणजे एका जातीच्या आणि लांबीच्या जेमतेम ३२,७६८ शक्य किल्ल्या. लुसियानो बेयो यानं हे शोधलं, मे २००८ मध्ये ते जाहीर झालं. मधली दीड-दोन वर्षं लोक डेबियन आणि उबुंटूवर मन लावून किल्ल्या घडवत होते.

मार्च २०२४ मधली गोष्ट याहून बेमालूम. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा अभियंता. त्याला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं. दुसरा कोणी असता तर नेटवर्कला शिवी घालून पुढे गेला असता. हा खणत गेला, आणि एक्सझेड या फाईल दाबणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत लपवलेला चोरदरवाजा त्याला सापडला. ओपनएसएसएचला मुळात ती लायब्ररी लागतच नाही. काही लिनक्सवाल्यांनी सिस्टिमडीशी बोलण्यासाठी जी जोड दिली होती, तिच्या आडून ती आत आली होती.

दिवाळीच्या आधी माळ्यावरची जळमटं काढतो, तेव्हाच मी ‘ऑथराइज्ड कीज’ फाईलही उघडतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी कोणाची किल्ली ते लिहिलेलं असतं. गेल्या वर्षी अकरा ओळी होत्या. त्यातले तिघं नोकरी सोडून गेलेले, एक फक्त ‘टेम्प’, एकाचं नाव कोणालाच आठवेना. त्या पाच पुसल्या. सगळ्यात जुन्या ओळीवर माझंच नाव होतं, आणि त्यापुढे चार वर्षांपूर्वी विकलेल्या लॅपटॉपचं. विकताना डिस्क पुसली होती की नाही, मला आठवलं नाही. तीही ओळ काढली, नवी खिडकी उघडली, आत जाता येतंय ना ते बघितलं, आणि मग जुनी बंद केली.